हिपॅटोस्प्लेनोमेगॅली: शब्द मागून वाचायचा, जोर 'मेग'वर द्यायचा

सातपुडा पायथा (शहादा)

सोनोग्राफीच्या रिपोर्टात सगळ्यात खाली 'इम्प्रेशन' म्हणून एक-दोन ओळी असतात. नातेवाईक मधलं सगळं सोडून तेवढंच वाचतात, आणि आपल्या नंदुरबार-धुळ्याकडे त्या ओळीत बऱ्याचदा हा शब्द येतो: हिपॅटोस्प्लेनोमेगॅली. जीभ 'स्प्ले'पाशी अडते. मग माणूस कागदाची घडी घालतो, खिशात ठेवतो आणि डॉक्टरांना काही विचारतच नाही. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. धडगाव, मोलगी, तळोदा या बाजूच्या मुली, घरी पावरी नाहीतर भिली, शाळा मराठीतून. त्यांचीही गाडी याच शब्दाशी अडते, कारण तो कुठे तोडायचा हे आधी कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून हा धागा.

फळ्यावर शब्द लिहिते आणि डस्टरने डावा भाग झाकते. उघडं फक्त 'मेगॅली'. मेगॅली म्हणजे आकार वाढणं. काय झालंय ते कळलं. डस्टर डावीकडे सरकवला की 'स्प्लेनो' दिसतं: प्लीहा, म्हणजे आपली पांथरी, डाव्या बरगड्यांच्या आड असते ती. आणखी सरकवला की 'हिपॅटो': यकृत, लिव्हर. यकृत आणि पांथरी, दोन्ही वाढलेली. संपला शब्द. यात आजाराचं नाव कुठेच नाही, तपासणाऱ्याला काय दिसलं तेवढंच आहे. एवढं लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो, 'कशामुळे वाढलीय?' डॉक्टरांना विचारायचं असतं ते हेच.

आता 'हिपॅटो'मधला ट कुठून आला? ग्रीकमध्ये यकृताला 'हेपार' म्हणतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हेपारिन, त्याचं नाव यावरूनच, कारण ते पहिल्यांदा यकृतातून मिळालं. पण 'हेपार'ला पुढे काही जोडायचं झालं की त्याचं रूप 'हेपात' होतं. मराठी माणसाला यात नवीन काही नाही. 'घोडा'ला 'ला' लावताना आपण 'घोड्याला' म्हणतो, तेच हे सामान्यरूप. रक्ताचं 'हेमा' आणि 'हेमॅटो', त्वचेचं 'डर्मा' आणि 'डर्मॅटो', सगळीकडे तीच तऱ्हा.

'टो'मधला आणि 'नो'मधला ओ मात्र कुठल्याच अवयवाचा नाही. तो जोडस्वर. दोन घटकांच्या मध्ये उच्चार सोपा व्हावा म्हणून येतो. पुढचा घटक स्वराने सुरू होत असेल तर बहुधा गळून पडतो: स्प्लेन आणि एक्टॉमी मिळून स्प्लेनेक्टॉमी, पांथरी काढण्याची शस्त्रक्रिया. दोन अवयव शेजारीशेजारी आले तर मात्र टिकतो. गॅस्ट्रोएन्टरायटिस बघा, जठर आणि आतडं, पुढे ए असूनही ओ जागचा हलत नाही.

अक्षरं मोजू. इथे अक्षर म्हणजे एका स्वराभोवतीचा, एका दमात निघणारा तुकडा. हि, पॅ, टो, स्प्ले, नो, मे, गॅ, ली. आठ. 'स्प्ले'त तीन व्यंजनं आहेत तरी अक्षर एकच. 'सप्ले' किंवा 'इस्प्ले' म्हटलं की आठाची नऊ होतात. मुलींना मी 'स' लांबवायला सांगते, स्स्स्प्ले, मध्ये स्वर शिरू द्यायचा नाही. दोन-तीन वेळा म्हटलं की जमतं.

या आठांत मुख्य आघात सहाव्यावर, 'मे'वर. इंग्रजी बोलणारा पुढचा ग त्यालाच चिकटवतो: मेग्-अ-ली. थोडा हलका आघात पहिल्या 'हे'वर आणि 'स्प्ली'वर. बाकीचे स्वर तो पुसट करतो, म्हणून आपल्या कानाला ऐकू येतं ते साधारण 'हेपटो-स्प्लीनो-मेगली'. नियम असा की ग्रीक घटकांपासून बनलेल्या आणि शेवटी 'ई' असलेल्या अशा लांब शब्दांत आघात सहसा शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो. ली, गॅ, मे. मोजून पाहा.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मला फार मोलाची वाटते. मेगॅली हा घटक स्वतःच तीन अक्षरांचा आहे, म्हणून आघात त्याच्या आतच राहतो. ग्राफी, स्कोपी, लॉजी, पॅथी हे मात्र दोन अक्षरांचे. शेवटून तिसरं अक्षर मोजलं की आघात थेट जोडस्वरावर जाऊन बसतो. ज्या ओ-ला काही अर्थच नाही, सगळा जोर त्याच्यावर. म्हणून इंग्रजीत 'सनॉग्रफी', 'एन्डॉस्कपी', 'न्यूरॉपथी' असं ऐकू येतं आणि सांधा कुठे आहे ते कानाला समजत नाही. आपण 'सोनो-ग्राफी' म्हणतो, 'एन्डो-स्कोपी' म्हणतो, 'न्यूरो-पॅथी' म्हणतो. प्रत्येक स्वराला त्याची मात्रा मिळते आणि घटक सुटे ऐकू येतात. माझं ठाम मत आहे की शिकताना आधी आपलाच उच्चार धरावा. अर्थ पक्का झाला की मग आघात बसवावा. तोंडी परीक्षेत, बाहेरच्या राज्यातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलताना तो लागतो, त्यात दुमत नाही. पण 'तुझा उच्चार गावठी आहे' असं म्हणून या मुलींना गप्प बसवतात तेव्हा मला मनापासून राग येतो. 'सोनोग्राफी' म्हणणारी मुलगी शब्दाचे दोन्ही भाग नीट ऐकत असते.

तुमच्याकडच्या रिपोर्टांत, चिठ्ठ्यांत असे शब्द असतील तर इथे टाका. फोडून बघू.

भुसावळ जंक्शन

ताई, फार छान लिहिलंत. जोडस्वर लगेच डोळ्यासमोर आला. दोन डब्यांच्या मधलं कपलिंग, त्यात ना माल ना पॅसेंजर, पण गाडी त्याच्यावरच चालते.

एक विचारतो. माझ्या मोठ्या भावाचं आतड्याचं ऑपरेशन झालं. कागदावर एका ठिकाणी कोलेक्टॉमी, दुसऱ्या ठिकाणी कोलोस्टॉमी. आम्ही समजलो एकच, लिहिणाऱ्याने वेगळं लिहिलं असेल.

सातपुडा पायथा

दोन्ही वेगळी आहेत भाऊ, आणि दोन्ही झालेली असू शकतात. मूळ ग्रीक शब्द 'टोमे', कापणं. नुसतं 'टॉमी' म्हणजे छेद घेणं. 'एक्' म्हणजे बाहेर, म्हणून 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. 'स्टोमी'चा कापण्याशी संबंध नाही, 'स्टोमा' म्हणजे तोंड, म्हणून कोलोस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून देणं, जिथे पिशवी लावतात. कोलोटॉमी, कोलेक्टॉमी, कोलोस्टॉमी. तिन्ही चार-चार अक्षरांचे, तिन्हींत आघात दुसऱ्या अक्षरावर: लॉ, लेक्, लॉस्. फरक सगळा त्या आघाताच्या अक्षरात आहे, म्हणून इथे ते अक्षर स्पष्ट आलंच पाहिजे. घाईत पुसट बोललं तर ऐकणाऱ्याला तिन्ही सारखेच वाटतील. भावाच्या पोटावर पिशवी असेल तर तिची काळजी कशी घ्यायची हे वॉर्डातल्या सिस्टरांकडून नीट समजून घ्या.

वाघूरकाठ (जळगाव)

मी शाळेत संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त आहे. या शब्दाचे तिन्ही घटक आपल्या ओळखीचे आहेत, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

'हेपार' आणि आपलं 'यकृत्' मुळात एकच. ग्रीकमध्ये सुरुवातीचा य गेला आणि त्याचा ह झाला. षष्ठीत ग्रीक 'हेपातोस' आणि संस्कृत 'यक्नः', म्हणजे दोन्ही भाषांत पुढे विभक्ती आली की मूळ शब्द बदलतो. ताईंनी सामान्यरूप म्हटलं ते अगदी योग्य जागी बसलं. 'स्प्लेन' आणि 'प्लीहन्' एकाच कुळातले, आपल्याकडे आरंभीचा स राहिला नाही. आणि 'मेगास' म्हणजे आपलं 'महत्', 'महा'. हिपॅटोस्प्लेनोमेगॅली या अख्ख्या शब्दाच्या खाली यकृत्-प्लीहा-महत् अशी ओळ लिहून बघा.

लघु-गुरूबद्दलही थोडं. आपल्या छंदात वजन ठरतं ते अक्षराच्या लांबीवर. दीर्घ स्वर किंवा पुढे जोडाक्षर असेल तर गुरू, नाहीतर लघू. इंग्रजीत ठोका हा वेगळा प्रकार आहे, ऱ्हस्व स्वरावरही पडतो. 'मेग'मधला ए त्यांच्याकडे आखूडच आहे, तरी सगळा जोर त्याच्यावर. आपला ए-ओ नेहमी गुरू, म्हणून 'टो', 'नो', 'मे' हे तिन्ही आपण सारख्याच वजनाने म्हणतो. कानाला हा फरक एकदा कळला की आघात बसवायला वेळ लागत नाही.

बोरी पलीकडचा (अमळनेर, सध्या पुणे)

सर, म्हणजे हे सगळे वैद्यकीय शब्द संस्कृतमधूनच गेले म्हणायचे ना? मी कायम म्हणतो हे.

वाघूरकाठ

नाही भाऊ. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी आहेत, दोघींची आई त्याहून जुनी. यकृत्-वरून हेपार झालं नाही आणि हेपार-वरून यकृत् झालं नाही. दोघी एका घरातून निघून आपापल्या वाटेने गेल्या. शिवाय कानाला सारखा वाटणारा प्रत्येक शब्द नातेवाईक नसतो, ध्वनी कसे बदलले याचे ठरलेले नियम असतात आणि त्यांत तो बसावा लागतो. ज्यांचं नातं पक्कं आहे असे काही देतो, मुलींना पाठ करायला उपयोगी पडतील: ऑस्टिओ आणि अस्थि, ओडोंट आणि दन्त, पेरि आणि परि, हायपर आणि उपरि, हायपो आणि उप. आणि ॲनिमियातला 'ॲन' म्हणजे आपला नकाराचा 'अन्', जसा 'अनुचित'मध्ये आहे.

चोपड्याचा औषधवाला

वाघूरकाठ सर, उपरि आणि उप हे मला फार कामाचं आहे. आमच्या धंद्यात सगळ्यात धोक्याची जोडी हीच. हायपरकॅलेमिया आणि हायपोकॅलेमिया. 'कॅल' म्हणजे कॅलियम, पोटॅशियमचं लॅटिन नाव. 'एमिया' म्हणजे रक्तात. एकात पोटॅशियम वाढलेलं, दुसऱ्यात कमी. कमी असेल तर पोटॅशियमचं औषध देतात, वाढलेलं असताना तेच दिलं तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं.

आणि आघात पडतो कुठे? 'ले'वर. हाय-पर-कॅ-ले-मि-आ, शेवटून तिसरं. म्हणजे जो भाग दोन्हींत सारखा आहे त्याच्यावर जोर, आणि जिथे सगळा फरक आहे तो 'पर' आणि 'पो' पुसट. फोनवर तर ऐकूच येत नाही. मी आमच्या दुकानातल्या पोरांना सांगून ठेवलंय की फोनवर हा शब्द वापरायचाच नाही. 'पोटॅशियम जास्त' किंवा 'पोटॅशियम कमी' म्हणायचं आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं.

सातपुडा पायथा

+१. औषधवाले भाऊ, हा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवणार. हायपोग्लायसेमियालाही हेच लागू. साखर उतरलेल्या पेशंटला दरदरून घाम फुटलेला असताना पूर्ण शब्द उच्चारत बसायचं नाही, सरळ 'शुगर लो' म्हणायचं.

मांडेवाली (पारोळा)

ताई, भलतं चांगलं समजाडी सांगं तुम्ही. मनी सासूना रिपोर्टवर कार्डिओमेगॅली लिखेल शे. मी मांगून वाचं. मेगॅली म्हणजे वाढेल, कार्डिओ म्हणजे हृदय. बराबर शे का?

सातपुडा पायथा

एकदम बराबर शे, ताई. कार-डि-ओ-मे-गॅ-ली, सहा अक्षरं, आघात परत 'मे'वरच. बहुतेक वेळा छातीच्या एक्स-रेवर हे लिहितात. हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त दिसली की असं म्हणतात. हेही नुसतं काय दिसलं ते आहे, कारण वेगळं शोधावं लागतं. बीपी, झडपेचा आजार, आणखीही काही असू शकतं. डॉक्टर टू-डी इको सांगतील, तो करून घ्या.

अनेरची लेक (शिरपूर)

हा धागा वाचून हिंमत आली म्हणून लिहिते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर 'माइल्ड हिपॅटोस्प्लेनोमेगॅली' आहे. हातपाय दुखतात म्हणून रात्री रडतो, डोळे पिवळट दिसतात. ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांनी 'सूज आहे, गोळ्या घ्या' एवढंच सांगितलं. 'माइल्ड' आहे म्हणजे काळजीचं नाही ना?

डॉ पांझरा (धुळे)

ताई, 'माइल्ड' हा आकाराबद्दलचा शब्द आहे. वाढ थोडी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कारण किरकोळ आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

निरोगी माणसाची पांथरी सहसा हाताला लागत नाही. ती वाढण्याची कारणं पुष्कळ: मलेरिया, टायफॉइड, यकृताचे आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल, रक्ताचा कर्करोगसुद्धा. पूर्वी मलेरियाच्या पाहणीत गावातल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची पोटं तपासून किती जणांची पांथरी हाताला लागते याचं प्रमाण काढायचे. ५० टक्क्यांच्या वर गेलं की तो भाग हायपरएन्डेमिक, म्हणजे तिथे मलेरिया कायमचा आणि फार. इथेही उपरि आलाच बघा.

तुम्ही सांगताय ती लक्षणं, म्हणजे हाडं दुखणं, डोळे पिवळे, पांथरी वाढलेली, आणि आपला सातपुड्याचा पट्टा, हे एकत्र पाहिलं की सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. त्यात हिमोग्लोबिनमध्ये जन्मतः एक बदल असतो, ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहानपणी पांथरी वाढते. पुढे वारंवार रक्तपुरवठा तुटून ती आकसत जाते, तिला ऑटोस्प्लेनेक्टॉमी म्हणतात. ऑटो म्हणजे आपोआप. शस्त्र न लावता पांथरी गेल्यातच जमा. मात्र आपल्याकडच्या आदिवासी रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे पांथरी मोठेपणीही वाढलेली सापडते.

एक नीट लक्षात ठेवा. पोट डाव्या बाजूला अचानक फुगलं, मूल पांढरंफटक पडलं, मलूल झालं, तर थांबायचं नाही, रात्र असली तरी १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. रक्त पांथरीत साठून राहिलं तर हिमोग्लोबिन काही तासांत खाली येतं. पोटावर हात ठेवून पांथरीची कड कशी ओळखायची हे सिकलसेलच्या मुलांच्या आयांना शिकवतात. निदान तेच निघालं तर तुम्हीही शिकून घ्या, कठीण नाही.

इथून निदान करता येत नाही, पण तपासणी लांबवू नका. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय अभियानही सुरू आहे.

बोरी पलीकडचा

डॉक्टर, वाचनखूण साठवली. माझ्या मावशीची मुलं मोलगीकडे शिक्षक आहेत, त्यांना पाठवतो.

अनेरची लेक

आज मुलाला घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जाऊन आले. बोटातून रक्त घेऊन एक चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. आता 'हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस' लिहून दिलंय. मी मागून फोडायला बसले, 'सिस'पाशी अडले.

सातपुडा पायथा

ताई, पहिलं पाऊल तुम्ही लगेच टाकलंत, फार बरं केलंत.

इथे शेवटचा घटक 'सिस' नाही, अख्खा 'फोरेसिस'. वाहून नेणं. वाघूरकाठ सर सांगतील, पण हा आपल्या 'भरति'चा भाऊ, भार वाहणं त्यातलंच. इलेक्ट्रो म्हणजे वीज. विजेच्या दाबाने वाहून नेणं. हिमोग्लोबिनचे प्रकार विजेच्या क्षेत्रात वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि वेगळे पट्टे दिसतात, त्यावरून कोणता प्रकार किती ते समजतं. इ-लेक्-ट्रो-फो-री-सिस, सहा अक्षरं. तिसऱ्याचा नियम इथे चालत नाही. आघात शेवटून दुसऱ्यावर, 'री'वर, जसा सिऱ्होसिसमध्ये 'ऱ्हो'वर आणि गॅस्ट्रायटिसमध्ये 'ट्रा'वर.

रिपोर्टवर अक्षरं येतील. एए म्हणजे सिकलसेल नाही. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा स्वतःला त्रास नसतो. एसएस म्हणजे आजार. जे येईल ते, तुमची आणि मुलाच्या वडिलांचीही तपासणी करून घ्या, धाकटं भावंड असेल तर त्याचीसुद्धा. रिपोर्ट आला की इथे लिहा, डॉक्टर आहेत, मी आहे.

डॉ पांझरा

आणि तोवर पोराला पाणी भरपूर पाजा, थंडीत उघडं फिरू देऊ नका, ताप आला तर अंगावर काढू नका. आधीच्या सगळ्या लसींचं कार्ड सोबत न्या, पांथरी नीट काम करत नसेल तर न्यूमोकॉकलची लस महत्त्वाची. कार्डावर पीसीव्ही असं लिहिलेलं असतं, ते आहे का बघा.